बाबांसाठी केलेलं ट्रायफल पुडिंग

ट्रायफल पुडिंग म्हणजे काचेच्या भांड्यात स्पंज केक, फळं, कस्टर्ड आणि क्रीम यांचे थर रचून केलेलं गोड. ते बिघडतं बहुतेक वेळा पाण्यामुळे. स्पंज जास्त भिजला, स्ट्रॉबेरीला सुटलेला रस खाली उतरला, कस्टर्ड पातळ राहिलं, की काचेच्या भांड्यात थरांच्या जागी गुलाबी-पिवळा लगदा दिसतो. म्हणून हे पुडिंग करायला घेतलं तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. कुठल्या थरात किती ओलावा राहील हे मी ठरवणार. लिक्यरकडेही, म्हणजे त्यात घालायच्या गोड सुवासिक मद्याकडेही, मी त्याच नजरेनं बघितलं. ती कुठल्या थरात मुरणार हे आधी, किती घालायची हे नंतर.

निमित्त होतं बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पंचाहत्तरीचं. जानेवारीचा शेवटचा आठवडा. बाबांची सगळी नोकरी ठाण्यातल्या कारखान्यांत गेली. नाताळच्या सुमारास कंपनीचं जेवण असायचं आणि त्यात शेवटी ट्रायफल पुडिंग यायचं, हे त्यांच्याकडून आम्ही अनेकदा ऐकलं होतं. केक आणायचा का विचारलं तर म्हणाले, "केक नको गं. ते काचेच्या भांड्यातलं कर. खाली केक, मग लाल जेली, वर पिवळं कस्टर्ड. आणि रमचा वास यायचा बघ त्याला."

आता आमच्या घरात आई, म्हणजे सासूबाई, अंडं खात नाहीत आणि दारूचा थेंब त्यांना चालत नाही. शिवाय माझी मुलगी आणि तिची चुलत भावंडं. तेव्हा भांडी दोन करायची हे पहिल्या मिनिटाला ठरलं. एकात अंड्याचा स्पंज आणि लिक्यर, दुसऱ्यात दोन्ही नाही. मात्र दुसरं भांडं म्हणजे 'त्यातून दोन जिन्नस वगळलेलं' असं व्हायला नको होतं. ज्यांना चालत नाही त्यांच्या ताटात आपण नेहमी काहीतरी कमी वाढतो, आणि ते मला खटकतं. आईंच्या भांड्यालाही स्वतःची चव हवी होती.

ट्रायफल मूळचं इंग्लंडचं. सोळाव्या शतकात त्या नावानं जे करत ते नुसतं साखर-आलं-गुलाबपाणी घातलेलं घट्ट क्रीम होतं. वाइनमध्ये भिजवलेली बिस्किटं, त्यावर कस्टर्ड, त्यावर क्रीम हा घाट अठराव्या शतकात बसला, जेलीही तेव्हाच आली. पुढे शेरी ही त्यातली नेहमीची वाइन झाली. स्कॉटलंडमध्ये शेरीऐवजी व्हिस्की आणि रासबेरी घालून करतात, आणि २५ जानेवारीला रॉबर्ट बर्न्स या कवीच्या जन्मदिवसाच्या जेवणात ते वाढतात. इटलीतही भिजवलेला स्पंज आणि कस्टर्डचा असाच एक प्रकार आहे, त्यात आल्केर्मेस नावाची लालभडक मसालेदार लिक्यर असते. म्हणजे ज्या मुलखात जे फळ आणि जे मद्य, ते या भांड्यात. ठाण्यात जानेवारीत काय मिळतं? महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि नागपूरचं संत्रं. तिथेच माझं ठरलं की रम नको, संत्र्याची लिक्यर घ्यायची.

आमच्या मजल्यावर एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिक ख्रिस्ती समाजातल्या, आँटी राहतात. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचं नेहमी जाणं. नाताळात त्यांच्याकडे ट्रायफल होतंच. त्यांना विचारायला गेले तर त्यांनी आधी स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडून काचेचं पायाचं भांडं काढून दिलं आणि मग बोलायला लागल्या. त्यांच्या आईच्या वेळी घरची द्राक्षाची वाइन घालत. त्या स्वतः रम घालतात. रमचं त्यांचं म्हणणं मला पटलं. रमला गुळाचा, व्हॅनिलाचा वास असतो, ती अक्रोड-मनुकांच्या केकबरोबर शोभते, ताज्या फळावर मात्र जड होते. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मी लिहून घेतलं: स्पंज शिळा हवा. आज भाजलेला आज वापरायचा नाही.

लिक्यर आणायला मी आणि नवरा गेलो. तारखा आधी बघितल्या, कारण २६ आणि ३० जानेवारी हे दोन्ही महाराष्ट्रात ड्राय डे. स्टेशनजवळच्या वाइन शॉपमध्ये रम, व्हिस्की, बिअर भरपूर, पण संत्र्याची लिक्यर नव्हती. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या दुकानात क्वांत्रो मिळाली. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्याकडे दारू घ्यायला आणि प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, आणि रम-व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची. पुडिंगसाठी घेतली तरी नियम तोच. परवाना घेतला, बाटली पिशवीत टाकली.

बाटली हातात आल्यावर मी त्यातला एक चमचा आधी नुसता वासासाठी वाटीत काढला. क्वांत्रो फ्रान्समधल्या आंजे गावची, तिथली डिस्टिलरी १८४९ सालची, आणि ही पांढरी स्वच्छ लिक्यर १८७५ पासूनची. गोड आणि कडू अशा दोन्ही जातींच्या संत्र्यांच्या सालींपासून करतात. अल्कोहोल ४० टक्के. रसाचा त्यात संबंध नाही, सगळा कारभार सालीतल्या तेलाचा. आणि इथेच मला कळलं की संत्र्याचा रस कितीही ओतला तरी हा वास का येणार नाही. सालीतलं सुवासिक तेल पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. वाटीत थोडं थंड पाणी घातलं तर ती स्वच्छ लिक्यर ढगाळ झाली, कारण पाणी वाढल्यावर तेच तेल बारीक थेंबांनी वेगळं होऊ लागतं. पुडिंगमध्ये अल्कोहोलचं काम हेच, सुगंध धरून ठेवायचा आणि स्पंजमध्ये सगळीकडे नेऊन पोचवायचा. जायफळ जसं श्रीखंडात आपण चवीच्या कडेनं घालतो तशीच ही घालायची, असं मी ठरवलं.

मग आईंच्या भांड्यात ते तेल कसं पोचवायचं? त्यावर जुना उपाय आहे. संत्र्याची साल बारीक किसायची, फक्त वरचा केशरी भाग, खालचा पांढरा कडवट गर नाही, आणि तो कीस साखरेत घालून बोटांनी चोळायचा. साखरेचे कण सालीतल्या तेलाच्या पिशव्या फोडतात आणि तेल साखरेला धरतं. पाच मिनिटांत साखर ओलसर आणि केशरी होते, आणि सगळ्या स्वयंपाकघरात वास भरतो. हे काम मुलीनं केलं. "आई, हात धुवायचेच नाहीत मला," म्हणाली.

फळं घ्यायला जांभळी नाक्याच्या बाजारात गेले. सकाळी लवकर, कारण स्ट्रॉबेरी दुपारपर्यंत नरम पडते. प्लास्टिकच्या डब्यांत वरची रांग टपोरी आणि लाल असते, खालची बघायला डबा उलटा करावा लागतो. फळवाले याला हरकत घेत नाहीत, फक्त विचारून करावं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढे पिकत नाही. घरी ठेवून ती आंब्यासारखी गोड होईल अशी आशा धरायची नाही. देठाच्या हिरव्या पानांपर्यंत लाल असलेली तीच घ्यायची. खांद्याशी पांढरी असेल तर ती तशीच आंबट राहणार. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात विंटर डॉन, स्वीट चार्ली अशा जाती होतात. बाजारात नाव कुणी सांगत नाही, पण वास घेतला की फरक लागतो. ज्या डब्याला लांबूनच वास येत होता ते दोन डबे मी घेतले, अर्ध्या किलोच्या आसपास.

संत्र्यांचं जरा बघून घ्यावं लागतं. जानेवारीत उत्तरेकडचा किन्नू गाडीवर चमचमत असतो, घट्ट सालीचा, बियांनी भरलेला. त्याचा रस चांगला निघतो, पण फोडी काढायला नागपुरी संत्रंच बरं. सैल सालीचं, दिसायला जरा ओबडधोबड. सालीचा कीस काढायचा असल्यामुळे मी फळं कोमट पाण्यात चोळून धुतली, कारण पुष्कळदा वर मेणाचा थर असतो.

स्पंज पुडिंग रचायच्या आदल्या दिवशी केला. बटर न घालता, कारण बटर असलेला केक पाक नीट पीत नाही. ४ अंडी आणि १२० ग्रॅम साखर गरम पाण्यावर भांडं धरून कोमट होईपर्यंत फेटली, मग उतरवून बीटरनं फेटत राहिले, इतकं की बीटर उचलल्यावर पडणारी धार वरच्या वर काही क्षण दिसत राहिली. त्यात १२० ग्रॅम मैदा तीन वेळा चाळून हलक्या हातानं मिसळला. या केकला फुगवणारं दुसरं काही नसतं, जी हवा आपण कोंडली तीच. १८० अंशांवर साधारण २५ मिनिटं. गार झाल्यावर आडवे तुकडे कापून रात्रभर जाळीवर उघडे ठेवले. जानेवारीत ठाण्याची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, त्यामुळे सकाळी तुकडे बरोबर हवे तसे वाळले होते. पावसाळ्यात हेच करायचं झालं तर मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवावे लागतील.

आईंसाठी बिनअंड्याचा स्पंज नौपाड्यातल्याच एका बेकरीतून घेतला. दोन्ही स्पंज शेजारी ठेवून एकेक चमचा पाणी घातलं आणि बघितलं. अंड्याचा स्पंज पाणी पितो आणि तरी उभा राहतो, कारण अंड्यातली प्रथिनं भाजताना जाळीसारखी घट्ट होतात. बिनअंड्याचा तेवढ्याच पाण्यात मऊ पडून कडेनं सुटायला लागला. म्हणून त्याला पाक निम्म्याच्या आसपास द्यायचा, आणि तोही ब्रशनं, असं ठरलं. पुढे हाच निर्णय सगळ्यांत उपयोगी पडला.

कस्टर्ड मात्र दोन्ही भांड्यांना एकच. अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड फार सुंदर होतं, पण ते आचेवर सतत सांभाळावं लागतं, थोडं जास्त तापलं की फाटतं. आणि घरात आधीच एक जण अंडं खात नसताना मी कस्टर्ड पावडरच घेतली. तिचा जन्मच या कारणासाठी झाला. बर्मिंगहॅममधल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती, म्हणून १८३७ साली त्यानं कॉर्नफ्लोअरचं बिनअंड्याचं कस्टर्ड शोधलं. हे मी आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चांगला होता की नवरा!" आणि बाबांकडे बघून हसल्या.

५०० मिली फुल क्रीम दुधातलं अर्धी वाटी थंड दूध बाजूला काढलं आणि त्यात पावडरचे ३ मोठे चमचे कालवले. नुसतं खायच्या कस्टर्डला दोन पुरतात, इथे थर उभा राहायला हवा. उरलेल्या दुधात संत्र्याच्या सालीच्या दोन लांब पट्ट्या टाकून दूध तापवलं, झाकून वीस मिनिटं ठेवलं आणि पट्ट्या काढून टाकल्या. दुधात रस घालायचा मोह आवरावा, आंबटपणानं दूध फाटेल. साल चालते. मग ६० ग्रॅम साखर, दूध परत उकळीला आणून पावडरचं मिश्रण धार धरून ओतलं आणि उकळी आल्यावरही दोन मिनिटं ढवळत शिजवलं. कॉर्नफ्लोअर पुरता शिजला नाही तर जिभेला पिठूळ लागतो. उतरवल्यावर पातळ प्लास्टिकची फिल्म कस्टर्डच्या अंगालाच टेकवून ठेवली, म्हणजे साय धरत नाही. गार झाल्यावर रवीनं एकदा घुसळलं, रेशमासारखं झालं.

बाबांची लाल जेली राहिली होती. जिलेटिन हे जनावरांच्या कातडी-हाडांपासून येतं, ते आमच्याकडे चालणार नव्हतं. म्हणून चायना ग्रासची भुकटी घेतली. ती समुद्रातल्या शेवाळापासून होते, आणि तिचा स्वभाव जिलेटिनहून वेगळा. जिलेटिन कोमट पाण्यात विरघळतं आणि फ्रिजमध्येच जमतं. चायना ग्रास उकळावाच लागतो, पण जमतो मात्र ३५-४० अंशांवर, बाहेर ओट्यावरसुद्धा. शिवाय कच्चं अननस, पपई किंवा किवी असेल तर त्यातल्या पाचक द्रव्यांमुळे जिलेटिन जमतच नाही, चायना ग्रासला ती अडचण नाही. एक पथ्य पाळावं लागतं. आंबट रसात तो उकळला तर त्याची पकड सैल पडते. म्हणून १०० मिली पाण्यात २ ग्रॅम भुकटी आधी नीट उकळून घ्यायची, मग त्यात गाळलेला, कोमट केलेला स्ट्रॉबेरीचा रस १५० मिली आणि साखर मिसळायची. रस थंडगार ओतला तर तिथल्या तिथे गुठळ्या होतात.

हा रस कुठून आला ते सांगते. स्ट्रॉबेरी देठासकट धुतल्या, पुसल्या आणि मग देठ काढले. आधी देठ काढून धुतल्या तर पाणी आत शिरतं. चांगल्या टपोऱ्या बाजूला ठेवल्या. नरम पडलेल्या कुस्करून, थोडी साखर घालून, गाळून जेलीसाठी रस काढला. टपोऱ्यांचे काप केले. ते दोन वाट्यांत विभागले. एकीत साखर आणि क्वांत्रोचा १ मोठा चमचा, दुसरीत मुलीनं चोळलेली ती संत्र्याची साखर. अर्ध्या तासात दोन्ही वाट्यांत तळाशी लालचुटूक रस साचला. साखर फळातलं पाणी ओढून घेते, ते इथे घडू द्यायचं, पुडिंगच्या पोटात नाही. काप चाळणीत निथळत ठेवले आणि तो रस पाकात वळवला. म्हणजे फळातलं पाणी वाया गेलं नाही आणि जिथे मला हवं होतं तिथेच, स्पंजमध्ये, गेलं.

मोठ्या भांड्याचा, म्हणजे लिक्यरवाल्या भांड्याचा, पाक असा झाला: स्ट्रॉबेरीचा निथळलेला रस आणि थोडा साखरेचा पाक मिळून १०० मिली, त्यात ६० मिली क्वांत्रो. पाक पूर्ण गार झाल्यावरच लिक्यर घातली, गरम पाकात घातली तर सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरातच राहतो. पुष्कळांचा समज असतो की अल्कोहोल शिजवताना उडून जातं. इथे तर शिजवणं नाहीच, आणि जिथे पेटवतात तिथेही बरंच मागे उरतं. म्हणून मी हिशोब केला. पाकात ६०, फळात १५ आणि पुढे क्रीममध्ये १५, अशी ९० मिली, म्हणजे ३६ मिली शुद्ध अल्कोहोल. मोठी माणसं नऊ. माणशी ४ मिली. बिअरच्या लहान बाटलीत याच्या चौपट असतं. बाबांना रक्तदाबाची गोळी आहे, त्यामुळे आमच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी एक वाटी खायला हरकत नाही म्हणून सांगितलं. ज्या पदार्थात मद्य आहे तो वाढताना आधी सांगायचं, हे मी पाळते. कुणाची औषधं असतात, कुणाचा नेम असतो, कुणाला गाडी चालवायची असते.

आईंच्या भांड्याचा पाक संत्र्याचा ताजा रस, संत्र्याची साखर आणि वेलदोड्याची चिमूट असा केला. वेलदोडा ही माझी भर. क्वांत्रोला एक किंचित कडवट, मसालेदार टोक आहे, त्या जागी काहीतरी हवं होतं.

रचायला पंचाहत्तरीच्या आदल्या रात्रीच बसले, सगळे झोपल्यावर. तळाला स्पंजचे तुकडे, फटी न ठेवता. मोठ्या भांड्यात पाक चमच्यानं, मधे कमी आणि कडेला थोडा जास्त, कारण कडा जास्त वाळलेल्या असतात. काचेतून बघत होते. रंग तुकड्याच्या मध्यापर्यंत चढला की थांबायचं, उरलेलं काम रात्रभरात होतं. आईंच्या भांड्यात ब्रशनं, दोन हात. मग उभे अर्धे कापलेले स्ट्रॉबेरीचे काप काचेला आतून चिकटवून लावले, कापलेली बाजू बाहेर. मधे उरलेले काप आणि संत्र्याच्या सोललेल्या फोडी. फोडींचं पातळ साल काढणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ते केलंच पाहिजे, नाहीतर चमच्याला चिवट पापुद्रा लागतो. फोडीही कापडावर कोरड्या केल्या. मग जेली. ती हाताला कोमट लागेल इतपत आणि तरी पातळ असतानाच चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडली. काही मिनिटांत जमली आणि फळांवर झाकणासारखी बसली. जेलीचा हा फायदा मला करताना उमजला. ती फळ आणि कस्टर्ड यांच्या मधे पडदा होते, लाल रस पिवळ्यात चढू देत नाही. बाबांच्या कंपनीतल्या आचाऱ्याला हे ठाऊक असणार. त्यावर गार कस्टर्ड, झाकण, आणि भांडी फ्रिजमध्ये.

क्रीम दुसऱ्या दिवशी सकाळी. नेहमीच्या छोट्या टेट्रापॅकमधल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, ते फेटून उभं राहत नाही. फेटायच्या क्रीमला ३० टक्क्यांच्या वर हवा, ३५ असेल तर उत्तम. फेटताना हवेच्या बुडबुड्यांभोवती लोण्याचे कण अर्धवट एकमेकांना चिकटून भिंत धरतात, आणि त्यासाठी ते थंड असावे लागतात. बेकऱ्यांमध्ये जे वनस्पती तेलाचं क्रीम वापरतात ते आपल्या उकाड्यात टिकतं, दिसतंही देखणं, पण टाळूला तेलकट थर राहतो. खालचे थर इतक्या मनानं केल्यावर वर ते पसरायला माझा हात धजला नसता. दुधाचं क्रीम, भांडं आणि बीटरची पाती रात्रीच फ्रिजमध्ये होती. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, परातीत बर्फ घालून त्यात भांडं ठेवलं आणि ४०० मिली क्रीम फेटलं. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की बंद. आणखी फेटलं की लोणी आणि ताक, ते कुणा मराठी घरात सांगायला नको. दोन भाग केले. एकात १ मोठा चमचा क्वांत्रो हातानंच मिसळली, दुसऱ्यात संत्र्याची साखर. चमचेही वेगळे ठेवले.

आँटी दुपारी भांडं बघायला म्हणून आल्या. काचेला नाक लावून थर बघितले, मग कडेनं एक चमचा खाली तळापर्यंत घातला आणि सगळे थर एकदम घेतले. चव घेऊन म्हणाल्या, की पाक कडेला अजून एक चमचा चालला असता, बाकी काही बदलू नकोस. माझ्याही जिभेला तेच लागलं होतं.

संध्याकाळी बाबांनी दोन्ही भांड्यांतलं मागून घेतलं. आधी मोठ्या भांड्यातलं. पहिल्या घासाला ते जेली शोधत होते, ती सापडल्यावर त्यांनी मान हलवली. "रमचा वास नाही, पण हा जास्त चांगला आहे," म्हणाले, आणि कंपनीतल्या कोणत्या टेबलावर कोण बसायचं हे सगळं पोरांना सांगत बसले. आईंच्या भांड्यातलं खाल्ल्यावर मात्र ते थोडे थांबले आणि म्हणाले, "हिचं वेगळंच झालंय. वेलदोडा घातलास का?" आईंनी आपली वाटी त्यांच्यापासून लांब सरकवली. मुलांनी आईंचं भांडं तळ दिसेपर्यंत संपवलं.

मोठ्या भांड्यातलं थोडं उरलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्लं तेव्हा क्वांत्रोचा टोकदार वास निवला होता आणि स्पंज सगळीकडे सारखा झाला होता. पुढच्या वेळी क्रीम सोडून बाकीचं सगळं एक पूर्ण दिवस आधी रचणार आहे.

नणंदेनं पुण्याहून फोन करून कृती घेतली आणि विचारलं, आंब्याच्या दिवसांत हेच हापूसचं करता येईल का. तिला सांगितलं की येईल, पण तेव्हा कस्टर्डमधली साल काढ, त्या जागी दुधात केशर भिजव. जेली नको, हापूसला तिची गरज नाही, त्याला स्ट्रॉबेरीइतकं पाणी सुटत नाही. आणि क्वांत्रो फक्त पाकात, ३० मिलीच्या वर नाही, कारण हापूसच्या वासावर दुसरा वास चढता कामा नये. बेकरीचा स्पंज आणलास तर पाक ब्रशनंच लाव.